मुठीत बसणारा चाकू

नवी मुंबईला लोक नोकरीसाठी जातात, घर बघायला जातात, मुलीच्या बाळंतपणाला जातात. मी चाकू आणायला गेलो. कराडात हे ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग माझ्या उजव्या हाताकडे बघून गप्प झाला. त्या गप्प होण्याचाच मला जास्त राग येत असे, म्हणून पुढे मी सांगणंच बंद केलं.

मला घडीचा चाकू हवा होता. खिशात मावणारा, रोज जवळ बाळगता येणारा, हरवला तर जेवण गोड लागणार नाही इतका महाग नसलेला. असे चाकू कराडच्या बाजारातही मिळतात. पण त्यातलं पातं नखाने ओढून उघडावं लागतं, म्हणजे एका हातात मूठ आणि दुसऱ्या हाताचं नख. माझ्याकडे चालता हात एकच होता. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. पाय परत आला, जीभ परत आली (मंगलच्या मते ती गेलीच नव्हती), पण उजवा हात मूठ वळून बसला तो बसलाच. त्याची बोटं आपणहून मिटतात. उघडायची तर डाव्या हाताने एकेक सोडवावी लागतात.

मंगल म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं असं की घरात चाकू आहेत, विळी आहे, ती स्वतः आहे, मग मला वेगळा चाकू कशाला. आता हे समजायचं तर आमचा घाट माहीत पाहिजे. कराडला दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात, तिथे संध्याकाळी आम्ही चौघे निवृत्त लोक पायरीवर बसतो. पेरू आणायचे बापूने, मीठ-तिखटाची पुडी शिंदे सरांची, अख्ख्या गावाच्या बातम्या वसंताच्या आणि पेरू कापायचे मी. मी विजेच्या तारांचं काम करत होतो, त्यामुळे तरुणपणापासून माझ्या खिशात चाकू नाही असा दिवस गेला नाही. आजारपणानंतर मी घाटावर गेलो तेव्हा पेरू बापूने कापला आणि मीठ लावून फोड माझ्या हातात दिली. ते मी सोसलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या फोडीतल्या बियाही काढून दिल्या. त्या दिवसापासून मी घाटावर जाणं सोडलं. पेरू मी माझ्या चाकूने कापीन तेव्हाच पायरीवर पाय ठेवीन, असं घरात जाहीर करून टाकलं.

एक चाकू मोबाईलवरून मागवून पाहिला होता. तो आला तो अशा जाड प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन, की उघडायला आधी चाकू पाहिजे. शेवटी मंगलने कात्रीने कापून दिला. पातं खिळखिळं होतं, परत पाठवला. तेव्हाच ठरवलं की चपलेसारखाच चाकूही घालून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या लेकीचा, वृषालीचा, वाशीहून फोन आला, की अण्णा, इथे हाताचे चांगले डॉक्टर आहेत, एकदा दाखवून जा. मी लगेच हो म्हटलं. मी डॉक्टरला लगेच हो म्हणतो, यावरूनच तिला संशय यायला हवा होता.

वाशी

एसटीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सांगण्यासारखं सुरू झालं ते वृषालीच्या सोसायटीच्या फाटकापासून. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, इथे आधी फोटो काढतात. वॉचमनने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि वर फोन लावून, तुमच्याकडे एक आजोबा आलेत, सोडू का, असं विचारलं. वर गेलो तर लेकीने सगळी तयारी करून ठेवलेली. माझ्या ताटातली भाकरी आधीच कुस्करलेली, पपईच्या सारख्या मापाच्या चौकोनी फोडी डब्यात, त्यांना टोचायला छोटा काटा. माया होती, हे मला कळत होतं. पण एका ताटात इतकी माया आली की माणसाला करायला काही उरत नाही. नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

डॉक्टर खरंच चांगले निघाले. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला, स्पंजचा एक चेंडू दिला आणि व्यायाम लावून दिले. मूठ लवकर सुटेल असं काही ते म्हणाले नाहीत. मीही खोदून विचारलं नाही, कारण मी तिथे मुठीसाठी आलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वृषाली ऑफिसला गेल्यावर मी वाशीच्या बाजारात उतरलो. भांड्यांच्या दुकानात मला गाजर किसायची यंत्रं दाखवली. खेळाच्या सामानाच्या दुकानात एक चाकू मिळाला, त्यात होकायंत्र, शिट्टी, टॉर्च आणि माशाचे खवले काढायची करवत होती. जंगलात हरवलेल्या माणसाला तो फार उपयोगी पडेल, पण घाटावर हरवायचा माझा विचार नव्हता. एका हार्डवेअरवाल्याला मी सरळ सांगितलं, की एका हाताने फटकन उघडणारा चाकू दाखवा. त्याने माझ्याकडे, मग रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, रामपुरी वगैरे आपण नाय ठेवत. लफडा होतो." पांढऱ्या केसांत मी त्याला कुठल्या टोळीचा वाटलो, ते मात्र विचारायचं राहिलं.

शेवटी घड्याळं आणि लायटर विकणाऱ्या एका टपरीवर मनासारखं सापडलं, असं मला वाटलं. पातळ, चकचकीत, पात्याच्या बुडाशी एक बारकं शिंग. डाव्या अंगठ्याने शिंग ढकललं की पातं बाहेर. मी तो तिथेच खूप वेळा उघडला. खिशात टाकला आणि वर्षभरात पहिल्यांदा चालताना माझी मान ताठ झाली.

त्याच संध्याकाळी वृषालीने मला मॉलमध्ये जेवायला नेलं. दारातल्या यंत्राने बोंब ठोकली. गार्डने अदबीने खिसा रिकामा करायला सांगितला आणि चाकू तबकात आल्यावर विचारलं की आजोबा, हे कशाला. मी म्हटलं, पेरू कापायला. तो म्हणाला, पेरू कुठायत. प्रश्न बरोबर होता. मागे रांग लागली, एक बाई आपल्या मुलाला मागे ओढून उभी राहिली. चाकू एका पेटीत ठेवून मला बिल्ला दिला. चप्पल ठेवल्याचा देतात तसाच. वृषालीचा चेहरा लाल झाला होता. निघताना मी बिल्ला देऊन चाकू परत घेतला, तेव्हा ती म्हणाली, की म्हणजे तुम्ही यासाठी आलात.

मी हो म्हटलं. घाटाचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिच्या तोंडावरची काळजी हलली नाही.

सकाळी जावई मयूर मला घाऊक फळबाजार दाखवायला घेऊन गेला. मयूर जासईच्या आगरी घरातला, कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. कमी बोलतो आणि सासऱ्याला हसत नाही, हे दोन गुण मला त्याच्यात पहिल्या दिवसापासून आवडले. बाजारात फळांच्या पेट्यांच्या भिंती उभ्या होत्या. गिऱ्हाईक आलं की व्यापारी एक पपई उचलतो, सुरी फिरवतो आणि आतला रंग दाखवतो. बोलणं नंतर. एका गाळ्यावर पेरू दिसले, मोठे, टणक. मी चाकूची परीक्षा घ्यायची ठरवली. व्यापाऱ्याने कौतुकाने एक पेरू पुढे केला.

पेटीवर पेरू ठेवला आणि डाव्या हाताने पातं दाबलं. पेरू सरकला. उजव्या मुठीने तो दाबून धरायला गेलो तर मुठीखालून निसटला. पुन्हा ठेवला, जोराने दाबलं. पातं बियांपर्यंत गेलं आणि अडकलं. बाहेर ओढलं, तेव्हा त्या चकचकीत चाकूने आपला स्वभाव दाखवला. पातं खटकन मिटलं, माझ्या बोटावर. रक्त पेरूवर सांडलं. व्यापाऱ्याने फडकं बांधलं, मयूरने डॉक्टरकडे नेलं. जखम खोल नव्हती, पट्टीवर भागलं.

घरी वृषालीने चाकू माझ्या खिशातून काढून वरच्या कपाटात ठेवला. ओरडली नाही. माझ्यासमोर बसून म्हणाली, "अण्णा, आता पुरे. तुमचा एकच हात चांगला आहे, तोही घालवायचाय का?"

रात्रीच्या जेवणात पट्टी बांधलेल्या बोटामुळे मला चमचाही नीट धरता येईना आणि माझ्या लेकीने मला चार घास भरवले. मी ते खाल्ले. तिच्या लहानपणी मी तिला भरवलं ते आठवून माणसाला भरून यायला हवं, असं म्हणतात. मला मात्र फक्त संताप आला, आणि तो तिच्यावर नव्हता.

कळंबोली

संताप आला की माझं डोकं चालतं. मी अंथरुणावर पडून चाकूचे दोष मोजले. पातळ मूठ, घसरणारी. खिळखिळा सांधा. आणि मुख्य म्हणजे उघडलेलं पातं जागच्या जागी पकडून ठेवणारा खटका नाही. म्हणजे पुढचा चाकू कसा नको ते कळलं होतं. बोट बरं व्हायला लागल्यावर मी मयूरला म्हटलं, मला तुझं ऑफिस बघायचंय. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, वृषालीकडे पाहिलं नाही आणि म्हणाला, चला.

कळंबोली म्हणजे लोखंडाचा बाजार आणि ट्रकांचं गाव. आमच्याकडे बेंदराला बैल सजवतात, तसे इथे ट्रक सजलेले बाराही महिने उभे. ड्रायव्हर लोक दोर कापतात, ताडपत्री कापतात आणि त्याच चाकूने कांदाही कापतात. त्यामुळे त्यांच्यासाठी सामान विकणाऱ्या दुकानात चाकू असतातच, आणि ते दिखाऊ नसतात. मयूरने मला त्याच्या ओळखीच्या दुकानात बसवलं. दुकानदार मूळचा साताऱ्याकडचा निघाला. म्हणजे आधी गाव, मग पाहुणे, मग ऊस किती गेला, आणि मग चाकू.

त्याने गल्ल्यावर वर्तमानपत्र अंथरून सगळे चाकू मांडले. मी एकेक डाव्या हातात घेऊन पाहिला. इथे मला एक नवीन गोष्ट कळली. एका हाताने उघडणारे बहुतेक चाकू उजव्या हातासाठीच केलेले असतात. डाव्या अंगठ्याने उघडतात, पण खटका दाबून मिटायला गेलं की अंगठा भलतीकडे येतो आणि बोट पात्याच्या वाटेत. एवढ्या मोठ्या जगात डावखुऱ्या लोकांनी काय करायचं, असं मी विचारलं. दुकानदार म्हणाला, ते सवयीने चालवून घेतात. शेवटी पाठीवर खटका असलेला एक काळा चाकू हातात आला. पाठ दाबली की मिटतो, कुठल्याही हाताने. पातं बोटाएवढं. सांधा घट्ट. लाकडावर दाबून पाहिला, डोळ्यांनी सरळ रेषेत पाहिला, उघडून झटकला, हलला नाही. हाच, असं मनाने घेतलं. एक पिवळ्या लाकडाच्या मुठीचा बुटका चाकूही तिथे होता, वेलीवरच्या काकडीसारखा मध्ये फुगलेला. त्यालाही पाठीवर खटका होता, पण तो नखाने उघडायचा, म्हणून मी तो हातातही न घेता बाजूला सारला.

दुकानदार म्हणाला, काका, कापून बघा, आणि जेवणाच्या डब्यातला कांदा काढून दिला. चाकूला खोड काढायला जागाच नव्हती. डाव्या हाताने पातं टेकवलं. कांदा फिरला. पुन्हा टेकवलं, तो गल्ल्यावरून घरंगळला, जमिनीवर पडला आणि रस्त्यावर उभ्या ट्रकच्या चाकाखाली जाऊन थांबला. दुकानातलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या चाकाकडे बघताना मला सगळं लख्ख समजलं. मी इतके दिवस चाकू उघडणारा हात शोधत होतो. कापायला पेरू धरणारा हातही लागतो, आणि तो कुठल्याच दुकानात नव्हता. मी चाकू मिटून वर्तमानपत्रावर ठेवला आणि उद्या बघू म्हणालो. मयूरच्या ऑफिसात जाऊन पंख्याखाली बसलो, तोंड भिंतीकडे करून. रडलो असं लिहायला लाज वाटत नाही.

जासई

रविवारी विहिणींकडे जेवण होतं. मला जायचं नव्हतं, पण व्याह्याच्या घरचं बोलावणं मोडता येत नाही. जासई गाव रस्त्यालाच आहे आणि रस्ता कंटेनरचा. घरापेक्षा उंच डब्यांच्या चळती, त्यांच्या मागे डोंगर, आणि मध्येच एखादं शेत अजून भाताच्या बेतात उभं. हिराबाई, म्हणजे मयूरची आई, फाटकात उभ्या होत्या. त्यांची भातशेती आता कंटेनरच्या यार्डाखाली आहे, मागे भाडेकरूंच्या खोल्या आहेत, दारात गाडी आहे, आणि तरी मासळी त्या स्वतः आणतात, स्वतः कापतात. सुनेच्या हातची कापलेली त्यांना चालत नाही, हे वृषालीने मला वाटेतच सांगितलं होतं, जरा जिव्हारी लागलेल्या आवाजात.

"इवाई, तुमी पंख्याखाली बसा, मी मासं कापून येतंय," असं मला, म्हणजे आपल्या व्याह्याला, सांगून त्या मागच्या पडवीत गेल्या. मला पंख्याचा कंटाळा आला होता. मी खुर्ची घेऊन पडवीच्या दारात बसलो.

मोठी विळी. पाटावर पाय, समोर उभं पातं. जिताडा नावाचा खाडीतला मासा, चांगला दणकट, ज्याचं नाव आगरी माणूस घेतो तेव्हा आवाज आपोआप मऊ होतो. हिराबाईंनी तो दोन्ही हातांत धरून पात्यावर ढकलला, फिरवला, पुन्हा ढकलला. आता विळी काही मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत नव्हतो. आईची पाहिली, मंगलची रोज पाहतो. पण विळी हे बायकांचं हत्यार आणि चाकू हे पुरुषांचं, असं आमच्याकडे न सांगता ठरलेलं, त्यामुळे मी विळीकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या दिवशी बघितलं. पातं काहीच करत नाही. ते नुसतं उभं असतं, घट्ट. हलतो तो मासा.

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मांडीवर मूठ वळून बसला होता. डॉक्टरांना जी सोडवायची होती, वृषाली रोज चेंडू देऊन जी सैल करायला लावत होती, ती मूठ. तिला काही धरायला दिलं तर ती सोडत नाही, हीच तर तिची तक्रार होती.

मी हिराबाईंना म्हटलं, मला एक सुरी आणि एक काकडी द्या. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. वृषाली स्वयंपाकघरातून धावत आली, की अण्णा, काय हवंय, मी देते कापून. हिराबाईंनी तिला मागे सारलं, हात धुतले आणि सुरी आणून माझ्या समोर, जमिनीवर ठेवली. धारदार वस्तू हातोहात दिली की भांडण होतं म्हणतात, म्हणून ती खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. ही रीत आमच्याकडेही आहे, माझी आई पाळायची. पण आजारी पडल्यापासून मला प्रत्येक वस्तू हातात मिळत होती, ग्लास, गोळी, घास, सगळं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी माझ्यापासून हातभर लांब ठेवलं आणि उचलायचं माझ्यावर सोडलं. वृषालीलाही रीत मोडून ती मला देता येईना. ती तशीच उभी राहिली.

मी वाकलो, उचलली. उजव्या हाताची बोटं एकेक सोडवली, सुरीचा दांडा आत घातला, बोटं सोडली. मूठ आपणहून मिटली. मनगट खुर्चीच्या हातावर टेकवलं, धार माझ्याकडे, विळीची असते तशी. डाव्या हाताने काकडी पात्यावर ढकलली. तुकडा पडला. दुसऱ्या खेपेला सुरी मुठीत फिरली, कारण दांडा पातळ होता. ती सरळ करून पुन्हा ढकलली. आणखी एक तुकडा पडला, वाकडा, एका बाजूला जाड.

हिराबाई ओल्या हातांनी बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "सगलं आरपार नका नेव. जरासं र्‍हाव द्या नि हातान मोरा, तवा तलहात वाचल." म्हणजे पूर्ण चिरायचं नाही, थोडं ठेवायचं आणि हाताने मोडायचं. त्या बोलता बोलता परत विळीवर बसल्या सुद्धा. मी तसं केलं. जमलं.

वृषालीने तोंड फिरवलं. मला वाटलं रागावली. ती डोळे पुसत होती. जेवायला जिताड्याचं कालवण होतं, तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. आमच्या कराडच्या अख्ख्या मसुराच्या भाजीला मी आजवर कुणापुढे वाकू दिलं नव्हतं, त्या दिवशी थोडं वाकू दिलं. आणि ताटाशेजारची काकडी मी कापलेली होती. हिराबाईंनी त्यातला सगळ्यात वाकडा तुकडा उचलला आणि खाल्ला.

पुन्हा कळंबोली

परतताना मी मयूरला कळंबोलीवरून गाडी घ्यायला सांगितली. वृषाली मागे बसली होती. ती म्हणाली, "जाड मुठीचा बघा. आणि मी बघितल्याशिवाय घ्यायचा नाही." एवढं ऐकल्यावर मला अर्धा चाकू तिथेच मिळाला.

दुकान रविवारीही उघडं होतं, ट्रकांना सुट्टी नसते. दुकानदाराने तो काळा चाकू माझ्यासाठी वेगळा ठेवला होता. मी तो बाजूला केला आणि पिवळ्या लाकडाचा बुटका मागितला. काका, हा तर नखाने उघडायचा, त्याने आठवण करून दिली. मी मिटलेला चाकू उजव्या मुठीत बसवला. फुगीर लाकूड तळहातात असं भरून बसलं की फिरायला जागाच राहिली नाही. डाव्या नखाने पातं ओढलं. खटका वाजला. मग वृषालीने स्वतः पातं धरून मागे ओढून पाहिलं, कारण फळ अडकून ओढलं की नेमकं तिथेच चाकू दगा देतो, हे तिला माझ्या बोटाने शिकवलं होतं. खटका हलला नाही. पातं साध्या लोखंडाचं, पुसून ठेवलं नाही तर काळं पडणारं, पण कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासून धार लागेल असं. दिसायला ओबडधोबड. किमतीला त्या चकचकीतापेक्षाही हलका. दुकानदाराने डब्यातला कांदा काढला. या वेळी तो कांदा कुठेही गेला नाही.

घरी वृषालीने वरच्या कपाटातून तो चकचकीत काढून कचऱ्यात टाकला. पिवळ्याला हात लावला नाही. सकाळी माझ्यापुढे पपई ठेवली, अख्खी, आणि आंघोळीला निघून गेली.

घाट

कराडला उतरल्यावर मंगलला सगळं करून दाखवलं. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली की एवढ्यासाठी नवी मुंबईला कशाला जायला पाहिजे होतं, मी रोज तुमच्या समोरच बसत होते की विळीवर. मी तिला काकडी कापून दिली.

संध्याकाळी मी घाटावर गेलो. तिघे होते तिथेच होते. बापूने पिशवीतून पेरू काढला, सवयीने स्वतःचा चाकूही काढला. मी पेरू मागून घेतला. पायरीवर बसलो, बोटं सोडवली, चाकू मुठीत बसवला, नखाने उघडला, मनगट गुडघ्यावर टेकवलं. वसंताच्या बातम्यासुद्धा थांबल्या. मी पेरू पात्यावर ढकलला, थोडं राखलं, मोडला. पुन्हा ढकलला. फोडी पडल्या, एक केवढी तर एक केवढी. शिंदे सरांनी मीठ लावलं. बापूला चाकू बघायचा होता, तो मी पुसून पायरीवर ठेवला आणि त्याने उचलून घेतला. खटका दोनदा वाजवून पाहिला. मग फोड तोंडात टाकली, चावली आणि तोंड वाकडं केलं.

"केवढी जाड कापलीस रे," तो म्हणाला. "आणि बिया तशाच ठेवल्यास. दात पडतील माणसाचे."

आजारी पडल्यापासून मला कुणी नावं ठेवली नव्हती. माझे डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत. तुला खायचं तर खा, नाहीतर ठेव खाली, असं मी त्याला म्हटलं आणि दुसरा पेरू घेतला.